मोंमार्त्रला जावे थंडीत, चढावे मागून

आपल्याकडून पॅरिसला जाणारे बहुतेक जण मे-जूनमध्ये जातात. मुलांच्या सुट्ट्या, ऑफिसची रजा आणि सहलींची वेळापत्रके तेव्हाच जुळतात. मग मोंमार्त्रच्या वाट्याला जेमतेम दीड तास येतो. बस पायथ्याशी सोडते, वर पांढऱ्या बॅसिलिकेसमोर फोटो होतात, चित्रकारांच्या चौकात घामाघूम एक फेरी होते आणि ‘झाले बघून’ म्हणत मंडळी पुन्हा बसमध्ये. अशा बघण्यात फारसा अर्थ नाही. ही टेकडी थंडीत बघावी, पायी बघावी आणि तिच्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा. शक्य असेल तर तिच्यावर मागच्या बाजूने चढावे.

आधी थंडीचे बोलू, कारण घरातली निम्मी चर्चा तिथेच अडते. डिसेंबर-जानेवारीत पॅरिसचे तापमान साधारण 3 ते 8 अंशांच्या दरम्यान असते. बर्फ क्वचितच पडतो, त्यामुळे सिनेमातले पांढरे पॅरिस दिसेल या आशेवर कुणी राहू नये. खरा त्रास ओलाव्याचा. तासन्‌तास भुरभुरणारा पाऊस, करडे आभाळ आणि टेकडीवरचा वारा. मोंमार्त्रची उंची फक्त 130 मीटरच्या आसपास आहे, पण पॅरिसमधली ती सर्वांत उंच नैसर्गिक जागा. खालच्या बुलवारवर हवा शांत असली तरी वर कान गार पडतात.

एक जाडजूड ओव्हरकोट घेऊन भागत नाही. आत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे, टोपी असलेले जाकीट, असे थर हवेत. पायऱ्या चढताना घाम येतो, वर पोचल्यावर तोच घाम वाऱ्याने गार होतो आणि संग्रहालयात शिरलात की हीटरमुळे पुन्हा उकडते. दिवसभर काढघाल चालूच राहते, म्हणून पाठीवर रिकामी जागा असलेली छोटी सॅक ठेवा. छत्री टेकडीवर उलटी होते, ती हॉटेलवरच बरी. बुटांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. इथल्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे आणि उत्तरेच्या उतारावर हिवाळ्यात ऊन जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे दगड कायम ओले आणि काही ठिकाणी शेवाळलेले असतात. गुळगुळीत तळव्यांचे बूट घातलेला माणूस तिथे पहिल्याच उताराला घसरतो. खाचांचा रबरी तळवा हवा, आणि बूट निघण्यापूर्वी आठवडाभर घरी वापरलेले हवेत.

दिवस लहान असतो हे दुसरे पथ्य. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि पाचच्या आत सूर्य मावळतो. ऐकायला हे वाईट वाटते, पण आपल्याला सोयीचे आहे. हिवाळ्यात तिथले घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारलाच टक्क जाग येते. तळमळत पडण्यापेक्षा आवरून मेट्रो पकडा आणि आठ-साडेआठला टेकडीवर पोचा. दिवे अजून लागलेले असतात, बेकऱ्यांतून पावाचा वास येत असतो, आणि रस्त्यात शाळेत निघालेली मुले व कुत्र्याला फिरवणारी म्हातारी माणसे एवढेच लोक. मोंमार्त्र ही राहती वस्ती आहे, हे तेवढ्या दोन तासांतच कळते.

आता चढण्याविषयी. सगळे जग 2 क्रमांकाच्या मेट्रोने आंव्हेर्स स्थानकावर उतरते आणि समोरून चढते. तुम्ही 12 क्रमांकाची मेट्रो घ्या आणि लामार्क-कोलँकूरला उतरा. स्थानक खोल आहे, पण लिफ्ट आहे. बाहेर पडले की दोन्ही बाजूंना दगडी जिने लागतात आणि थोडे पुढे गेले की रू दे सोल नावाचा चढ सुरू होतो. (रू म्हणजे रस्ता. हा शब्द पुढे वारंवार येईल.) ही टेकडीची उत्तर बाजू. इथे आठवणवस्तूंची दुकाने नाहीत.

पहिल्याच वळणावर लापँ आजिल हे जुने गुलाबी कॅबरे दिसते. पिकासो आणि त्याचे मित्र इथे बसत. त्याहून मजेदार गोष्ट इथल्या गाढवाची. 1910 मध्ये रोलाँ दोर्झेलेस या लेखकाने मित्रांच्या मदतीने कॅबरेचालकाच्या लोलो नावाच्या गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधला, त्याच्याकडून एक कॅनव्हास रंगवून घेतला आणि बोरोनाली नावाच्या एका काल्पनिक इटालियन चित्रकाराच्या नावाने ते चित्र पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लावले. समीक्षकांनी त्याची दखलही घेतली. पुढे खरे काय ते उघड झाले आणि सगळे शहर हसले. रात्री इथे अजूनही जुन्या फ्रेंच गाण्यांचा कार्यक्रम होतो. भाषा येत असेल तरच जा.

समोरच्या उतारावर द्राक्षमळा आहे. 1933 मध्ये तो लावला तो मुख्यतः त्या जागेवर इमारती उठू नयेत म्हणून. ऑक्टोबरमध्ये इथे द्राक्षतोडणीचा उत्सव होतो आणि तेव्हा टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्याची तारीख पाहूनच बेत आखावा. हिवाळ्यात मळा छाटलेला, काळपट खुंटांचा असतो. कुंपणाबाहेरून बघून पुढे निघा.

चढाच्या वरच्या टोकाला गुलाबी भिंतींची ‘मेझों रोझ’ आणि तिथून फुटणारी रू द लाब्रव्वार ही वळणदार गल्ली. उन्हाळ्यात इथे फोटोसाठी रांग लागते. जानेवारीतल्या सकाळी गल्ली तुमची एकट्याची असते. या गुलाबी घराचे चित्र मोरिस यूत्रिलोने काढले आणि घर प्रसिद्ध झाले. यूत्रिलो मोंमार्त्रचाच मुलगा, चित्रकार सुझान व्हालादों हिचा. त्याने आयुष्यभर याच गल्ल्या रंगवल्या, त्यातल्या कितीतरी हिवाळ्यातल्या. भिंतींचा मळकट पांढरा रंग साधावा म्हणून तो रंगात चक्क प्लॅस्टर मिसळत असे.

हे प्लॅस्टर त्याला लांबून आणावे लागले नसणार. मोंमार्त्रच्या पोटात जिप्सम आहे. शतकानुशतके इथल्या खाणींतून ते काढून भाजले गेले, आणि पॅरिस परिसरातल्या या खाणींमुळेच ‘प्लॅस्टर ऑफ पॅरिस’ हे नाव जगभर गेले. आपल्याकडे दर गणेशोत्सवात ज्या पीओपीवरून वाद रंगतात, त्याचे माहेर तुमच्या पायाखाली आहे. खाणींनी टेकडी इतकी पोखरली होती की साक्रे कर बॅसिलिका बांधताना आधी 83 खोल खड्डे सुमारे 33 मीटरपर्यंत नेऊन ते भरावे लागले, तेव्हा कुठे पाया उभा राहिला.

मेझों रोझजवळून डावीकडची रू कॉर्तो घ्या. तिथे 12 क्रमांकाच्या घरात मोंमार्त्रचे संग्रहालय आहे. साधारण दहाला उघडते, म्हणजे सकाळची फेरी संपवून हात गोठू लागले की नेमके त्याच वेळी ऊब मिळते. टेकडीवर एकाच ठिकाणी तिकीट काढायचे असेल तर ते इथे काढा. 1876 मध्ये रन्वार याच आवारात राहिला आणि ‘मूलँ द ला गालेत’मधल्या नाचाचे त्याचे जगप्रसिद्ध चित्र त्याच काळातले. व्हालादों आणि यूत्रिलो यांचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर पुन्हा पूर्वीसारखा उभा केला आहे. मोठ्या खिडकीतून येणारा हिवाळी उजेड, मधोमध शेगडी. कॅबरेंची पोस्टरे, पडछायांच्या खेळांचे कापलेले आकार, जुने नकाशे, हे सगळे बघायला दोन तास सहज लागतात. 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला शहरातली बरीच संग्रहालये आणि खाणावळी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस निवडा.

बाहेर आलात की प्लास द्यू तेर्त्र हा चित्रकारांचा चौक दोन मिनिटांवर. त्याबद्दल माझे मत फारसे बरे नाही. चौकात ठरलेल्या जागी बसणाऱ्या चित्रकारांकडे पालिकेचा परवाना असतो. हातात वही घेऊन तुमच्यामागे चालणाऱ्यांकडे तो नसतो. चेहरा काढून घ्यायचाच असेल तर बसलेल्याकडून घ्या, आकार आणि किंमत आधी ठरवा आणि थंडीत अर्धा तास न हलता बसायची तयारी ठेवा. भोवतालच्या कॅफेंत खाणे टाळलेले बरे. आणखी एक: 2022 च्या वसंतापासून फ्रान्समध्ये कॅफेंच्या उघड्या अंगणात हीटर लावायला बंदी आहे. जुन्या फोटोंतल्या लालबुंद शेगड्या आता दिसणार नाहीत. बाहेरच्या खुर्चीचा मोह सोडा आणि आत बसा.

चौकाला लागूनच सँ-पिएरचे जुने चर्च आहे. साक्रे करला जाणाऱ्या लोंढ्यातले फार थोडे लोक इथे वळतात. 1147 मध्ये पोपच्या हस्ते त्याचे अर्पण झाले. शेजारचा पांढरा घुमट त्याच्यापुढे अगदी अलीकडचा. आत जाऊन पाच मिनिटे बसा.

आणि मग साक्रे कर. 1875 मध्ये बांधकाम सुरू झाले, 1914 मध्ये संपले, पण महायुद्धामुळे अर्पणविधी 1919 मध्ये झाला. तिच्या पांढऱ्या रंगामागे दगडाचे गुपित आहे. शातो-लांदों भागातला हा दगड पावसाच्या पाण्याने भिजला की पृष्ठभागावर कॅल्साइट सोडतो आणि धुतल्यासारखा पांढरा राहतो. म्हणजे हिवाळी पावसाने तुमची सकाळ खराब केली असेल, तर बॅसिलिकेचे तरी भले झाले आहे. सगळ्याच पॅरिसकरांना ही इमारत प्रिय नाही. 18 मार्च 1871 ला याच टेकडीवर तोफा ताब्यात घ्यायला सैन्य आले, लोकांनी ते रोखले आणि पॅरिस कम्यूनचा उठाव सुरू झाला. दोन महिन्यांनी तो रक्तात बुडवला गेला. त्यानंतर त्याच जागी उभी राहिलेली बॅसिलिका डाव्या विचारांच्या लोकांना अजून खुपते. खालच्या उतारावरच्या बागेला 2004 मध्ये कम्यूनमधल्या लढवय्या शिक्षिका लुईझ मिशेल यांचे नाव दिले, ते या संदर्भात वाचावे.

प्रवेशाला पैसे नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत आणि बोलू नये अशी अपेक्षा असते; 1885 पासून इथे रात्रंदिवस अखंड प्रार्थना चालू आहे. घुमटावर जायला तिकीट आहे, सुमारे 300 अरुंद पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आभाळ स्वच्छ असेल तरच चढा. धुके असेल तर 300 पायऱ्या चढून दिसते ते फक्त धुकेच.

इथे समोरच्या बाजूची माहिती द्यायला हवी, कारण ज्येष्ठांना मागच्या चढाने नेणे योग्य नाही. आंव्हेर्सहून येणाऱ्या रस्त्याच्या वरच्या टोकाला केबलवर चालणारी छोटी गाडी आहे, तिला फ्युनिक्युलर म्हणतात. शहराच्या वाहतुकीचा पास तिच्यावर चालतो. तिच्या शेजारच्या जिन्याला 222 पायऱ्या आहेत, म्हणजे पुण्याची पर्वती दोनदा चढल्यासारखे. गुडघे कुरकुरत असतील तर गाडीच घ्या, किंवा टेकडीवरच्या गल्ल्यांतून फिरणारी 40 क्रमांकाची बस. याच पायथ्याशी मनगटाला रंगीत दोरा बांधू पाहणाऱ्यांची टोळकी असतात. दोरा बांधला की पैसे मागतात आणि तेवढ्यात दुसरा खिसा चाचपतो. हात खिशात ठेवा, थांबू नका, नजर देऊ नका. हातमोजे घातले असतील तर काम आणखी सोपे. पेल्यांखाली गोळी लपवण्याचा जुगार दिसला तर लक्षात ठेवा, भोवतीचे जिंकणारे सगळे त्याचेच साथीदार असतात.

दुपारी पश्चिमेकडे उतरा. रू लपिकच्या वळणांवर मूलँ द ला गालेतच्या दोन जुन्या पवनचक्क्या दिसतात. पुढे 54 क्रमांकाच्या घरात 1886 ते 1888 व्हिन्सेंट व्हॅन गॉग भाऊ थिओबरोबर राहत होता. घर खाजगी आहे, बाहेरची पाटी वाचा. तिथून थोडे आडबाजूला प्लास एमिल गूदो या छोट्या चौकात ‘बातो-लाव्वार’. मूळ लाकडी इमारत 1970 मध्ये जळाली, आज दिसते ती नंतरची. इथेच 1907 मध्ये पिकासोने ‘ले देम्वाझेल दाव्हिन्यों’ रंगवले. हिवाळ्यात ती जागा इतकी गार पडे की रात्री कपात उरलेला चहा सकाळी गोठलेला असे, असे त्याची तेव्हाची सोबतीण फर्नांद ऑलिव्हिए हिने लिहून ठेवले आहे. आपण थर्मल घालून दहा मिनिटे तिथे उभे राहतो आणि पाय बधिर झाल्याची तक्रार करतो.

खाली आबेस चौक. मेट्रोच्या दारावरची काच-लोखंडाची कमान एक्तोर गिमारची आहे. हे पॅरिसमधले सर्वांत खोल स्थानक, 36 मीटर. चित्रे रंगवलेला गोल जिना सुंदर आहे, पण तो उतरताना बघा, चढताना लिफ्ट. चौकाच्या बागेत 250 भाषांत प्रेमाची कबुली लिहिलेली निळी भिंत आहे, तरुण जोडप्यांची तिथे गर्दी असते.

गोव्याशी नाते असलेल्यांनी मात्र चौकालगतची रू इव्हॉन-ल-ताक चुकवू नये. संत देनिसच्या हौतात्म्याची जागा म्हणून मानल्या गेलेल्या इथल्या तळघरातल्या प्रार्थनास्थळी 15 ऑगस्ट 1534 ला पॅरिस विद्यापीठातल्या सात मित्रांनी व्रत घेतले. त्यांच्यातूनच पुढे जेझुइट संघ उभा राहिला. एक होता इग्नेशियस लोयोला आणि दुसरा फ्रान्सिस झेवियर. आठ वर्षांनी झेवियर गोव्यात उतरला, आणि आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत 3 डिसेंबरला त्याच्या फेस्ताला लोटणारी गर्दी आपण पाहतोच. आजची वास्तू नंतर बांधलेली आहे आणि ती रोज उघडी नसते, म्हणून वेळ आधी विचारून घ्या. बंद असली तरी दाराशी क्षणभर थांबायला हरकत नाही.

खाण्याचे बघू. कांद्याचे गरम सूप, वर पाव आणि वितळलेले चीज, हा तिथला हिवाळी पदार्थ पाहताच मागवावासा वाटतो. शाकाहाऱ्यांनी मागवू नये, कारण ते बहुधा गोमांसाच्या पाण्यात शिजवतात. त्यापेक्षा कुट्टूच्या पिठाची चीज भरलेली गालेत घ्या, किंवा उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेले चीज ओतून खायचे राक्लेत, बरोबरचे मांसाचे काप नको म्हणून सांगून. रू दे झाबेसवर बेकऱ्यांची रांग आहे; त्यातल्या ‘ल ग्रनिए आ पँ’ने शहरातल्या सर्वोत्तम बागेतचा मान 2010 आणि 2015 असा दोनदा मिळवला. जेवणाच्या वेळा कडक असतात: दुपारी बारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मध्ये पोट भरणारे काही हवे तर क्रेपच. साधे पाणी फुकट मिळते, ‘काराफ दो’ म्हणून मागा.

चार दिवस चीज-पाव खाऊन कंटाळा आला तर मेट्रोने आंव्हेर्सहून ला शापेल गाठा, मधे फक्त एक स्थानक लागते. मोंमार्त्रच्याच 18 व्या विभागात, रू पाजोलवर, श्रीलंकेच्या तमिळ मंडळींनी उभे केलेले माणिक्क विनायकर मंदिर आहे. आसपास डोसा-इडलीची हॉटेले आणि मसाल्यांची दुकाने आहेत. गणपतीचे दर्शन आणि गरम सांबार एकाच फेरीत होते.

पण संध्याकाळी सहाला पुन्हा टेकडीवर असा. पायऱ्यांवर बसून समोर आयफेल टॉवर शोधणारे निराश होतात, कारण तो समोर नाही. उजवीकडे, फ्युनिक्युलरच्या वरच्या स्थानकाच्या बाजूला सरका. उन्हाळ्यात झाडांची पाने आड येतात, हिवाळ्यात फांद्यांमधून तो मोकळा दिसतो. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला तो पाच मिनिटे चमचमतो. जूनमध्ये त्यासाठी रात्री दहानंतरपर्यंत ताटकळावे लागते. डिसेंबरमध्ये सहाला बघून आठला मुलांना झोपवता येते.

आठवडा कुठला निवडावा? नाताळ ते 1 जानेवारी टाळा: भाडी चढी, गर्दी बरीच, अर्धी दुकाने बंद. जानेवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. सहसा दुसऱ्या बुधवारी सुरू होणारा सरकारमान्य हिवाळी सेल चार आठवडे चालतो, आणि टेकडीच्या पायथ्याशी मार्शे सँ-पिएरमधली कापडाची दुकाने शिवणकाम करणाऱ्यांनी बघण्यासारखी आहेत. बेकऱ्यांत महिनाभर बदामाचे सारण भरलेली ‘गालेत दे र्‍वा’ मिळते; आत एक चिनी मातीची छोटी बाहुली लपवलेली असते, म्हणून मुलांना जपून चावायला सांगा. 2 फेब्रुवारीला घरोघरी क्रेप करतात, तोवर थांबता आले तर उत्तमच. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जानेवारीत जायचे असेल तर गणपती उठले की कागदपत्रे गोळा करायला लागा.